वाइपआउट: तीन फेऱ्या पुढे राहून शेवटच्या वळणावर मिसाइल खाणाऱ्यांसाठी धागा

देवगडचा_माड | १४ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी.

आंबा संपला, पेट्यांचे हिशेब झाले, आता पाऊस उघडेपर्यंत बागेत फारसं काम नाही. मे महिन्यात मुंबईचा भाचा येताना त्याचा जुना पीएस फोर (प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) घेऊन आला होता. जाताना "मामा, राहू दे तुला" म्हणून इथेच ठेवून गेला. सोबत डिस्क एकच, वाइपआउट ओमेगा कलेक्शन. माझं वय एक्केचाळीस. याआधी खेळलेला शेवटचा गेम म्हणजे कॉम्प्युटर क्लासमधला रोड रॅश.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चाकं नसलेल्या, जमिनीपासून हातभर वर तरंगणाऱ्या गाड्या. एका शर्यतीत आठ. रस्त्यावरच्या काही पट्ट्यांवरून गेलं की गाडी पुढे फेकली जाते, काहींवरून गेलं की हत्यार मिळतं: रॉकेट, सुरुंग, मिसाइल, रस्ताच लाटेसारखा उचलणारा क्वेक वगैरे. वेग इतका की पहिले दोन दिवस मी फक्त भिंती घासत होतो.

आता तीन आठवडे झालेत. व्हेनम हा सगळ्यात खालचा वर्ग पार केला, त्याच्या वरच्या फ्लॅशमध्ये अडकलोय. फायझार नावाच्या संघाची गाडी चालवतो. व्हिनेटा के नावाचा ट्रॅक तर पाठ झालाय, समुद्राकाठचा आहे म्हणून असेल. आणि दर वेळी हेच होतं. अडीच फेऱ्या पहिला, शेवटच्या वळणाला मागून मिसाइल, गाडी कोलमडते, डोळ्यांदेखत तिघे पुढे जातात. चौथा! काल रात्री रिमोट (तो खेळायचा) उशीवर आपटला. जमिनीवर आपटायची हिंमत नाही, भाच्याचा आहे.

त्यात आमचं घर पत्र्याचं. मिसाइल मागे लागलं की गेममधली बाई ओरडून सांगते म्हणे. पत्र्यावर सर वाजायला लागली की माझी स्वतःची बायको ओरडलेली ऐकू येत नाही, तिथे ही कुठली.

माझं मत असं की शर्यत ही शर्यत असावी. जो वळण नीट घेईल तो जिंकावा. मागच्याने नेम धरून पुढच्याला पाडायचं, यात कसब कसलं? जुन्या खेळाडूंना काय वाटतं? की माझंच काही चुकतंय?

---

लाल_डबा | १४ जून, ११:५२

बायको ओरडलेली ऐकू येत नाही ही सोय सांगताय की तक्रार?

---

खाडीकाठ | १५ जून, सकाळी ७:२०

माडभाऊ, तुमचंच चुकतंय. पण चूक गोड आहे, आम्ही सगळ्यांनी केलेली आहे.

एक प्रश्न. हातात हत्यार आलं की तुम्ही काय करता? चौकोनाचं बटण दाबून मारून टाकता, बरोबर? पुढे कुणी नसेल तर तसंच हातात धरून ठेवत असाल. आता गोलाचं बटण दाबून बघा. हत्यार विरघळतं आणि त्याची ऊर्जा गाडीच्या खात्यात जमा होते. मोठ्या हत्यारातून जास्त, छोट्यातून कमी. याला अ‍ॅब्झॉर्ब म्हणतात. वाइपआउट कळण्याची सुरुवात त्या बटणापासून होते.

म्हणजे प्रत्येक पट्ट्यावर तुमच्यापुढे दोन वाटा. मारायचं की प्यायचं? पुढे असाल तर प्यायचं. ढाल मिळाली तर शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवायची. वर ही ऊर्जा नुसती जीव वाचवायला नसते. उडी मारताना हवेत डावं-उजवं-डावं केलं की गाडी गिरकी घेते आणि खाली टेकताना जोर मिळतो. पण त्या गिरकीला ऊर्जा खर्च होते. दोन हत्यारं प्यायलात तर गिरकी परवडते, नाही प्यायलात तर गिरकी घेऊन पुढच्या भिंतीला लागून फुटाल. तुम्ही ज्याला मारामारी म्हणता ती खरं तर उधारी-वसुली आहे. आंबेवाल्याला हे सांगायला नको.

थोडा इतिहास, कारण मला राहवत नाही. पहिला वाइपआउट १९९५ चा, लिव्हरपूलच्या सिग्नोसिसने केलेला. त्यात हत्यारांनी गाडी फुटत नसे, नुसती थांबे. आणि भिंतीला लागलात की गाडी तिथेच ठार उभी. नवख्याचा जीव जायचा. १९९६ साली आलेल्या 'वाइपआउट २०९७' मध्ये भिंत घासून पुढे निसटता येऊ लागलं, पण गाडीला आयुष्य आलं, म्हणजे मार खाऊन फुटायची सोय झाली. ती ऊर्जा भरायला ट्रॅकच्या बाजूला वेगळी गल्ली असे, तिच्यातून जायचं म्हणजे वेळ घालवायचा. शर्यत आणि लढाई एकमेकींत गुंतली ती तिथे.

मी २०९७ पहिल्यांदा पाहिला १९९८ साली, गिरगावात मावसभावाकडे. दाभोळहून आलेलं पोर. त्या पाट्या, ती अक्षरं, ते संगीत... (चित्रकाम शेफिल्डच्या द डिझाइनर्स रिपब्लिकचं, हे मला फार नंतर कळलं.) परत जाताना एसटीत रात्रभर खिडकीतून रस्त्याचे पांढरे पट्टे बघत होतो.

---

देवगडचा_माड | १५ जून, ७:४१

गोलाचं बटण!! तीन आठवडे मला वाटत होतं ते नुसतं हत्यार टाकून द्यायला आहे.

---

गजाली_गणू | १५ जून, ९:०५

रे माडा, तुका मिसाइल लागता ता गेमात. माका हायवेर रोज डंपरवालो आडवो येता. थंय खंयचा बटान दाबू?

---

परशुराम_घाट | १५ जून, दुपारी १:३०

खाडीकाठ यांच्याशी आदरपूर्वक असहमत. माडभाऊंचा मूळ मुद्दा बरोबर आहे, तुम्ही तो बटणाखाली झाकलात.

निन्टेंडोचा एफ-झीरो घ्या. १९९० चा. वेग तितकाच वेडा, हत्यार एकही नाही. १९९८ च्या एफ-झीरो एक्समध्ये तीस गाड्या एका वेळी, तरी पडदा सेकंदाला साठ चित्रांनी हलतो. त्यात मारामारी आहे, पण कशी? स्वतःची गाडी बाजूच्याला घासायची किंवा गिरकी घेऊन धडकवायची. धक्का द्यायचा तर शेजारी जावं लागतं, चुकलात तर तुम्हीच दरीत. शिवाय दुसऱ्या फेरीपासून वेग वाढवायला जी ऊर्जा लागते तीच तुमचं आयुष्य. लोभ केला की मेलात. हाच उधारीचा हिशेब आहे, पण मागून कुणीतरी पाठवलेलं मिसाइल त्यात नाही.

लांबून नेम धरून पाडणं आणि अंगावर येऊन ढकलणं यात फरक आहे. पहिल्यात मार देणाऱ्याला धोका नाही. मला ते आवडत नाही, आवडणार नाही.

---

खाडीकाठ | १५ जून, २:१५

धोका कसा नाही? जो हत्यार मारतो तो ते पीत नाही. त्याचा धोका तोच.

---

परशुराम_घाट | १५ जून, २:२०

हा वकिली मुद्दा झाला.

---

सुरंगी | १५ जून, संध्याकाळी ६:५०

रोड रॅशचं नाव निघालं आणि मी लॉगिन शोधून काढला. चार वर्षांनी प्रतिसाद देतेय.

रत्नागिरीत आमच्या शाळेजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता. टायपिंगच्या नावाखाली तासाला दहा रुपये. शेवटची दहा मिनिटं सर चहाला जायचे आणि आम्ही रोड रॅश लावायचो. मी आणि माझा भाऊ, एकच कीबोर्ड. तो बाइक चालवायचा, माझ्याकडे लाथ आणि ठोसा. अक्षरशः तेवढंच काम, दोन बटणं. पण मी त्यात इतकी तरबेज झाले होते की शेजारच्याने सोटा उगारला की नेमक्या क्षणी ठोसा मारून तो त्याच्याच हातातून काढून घ्यायचे. हे गेममध्ये खरंच होतं, कुणाला खोटं वाटत असेल तर विचारा.

माडभाऊ, तुम्ही म्हणता कसब कसलं? ते कसब होतं. सोटा हिसकावायला जायचं तर समोरून येणाऱ्या गाडीवरून नजर काढायला लागायची. भाऊ ओरडायचा "गाडी! गाडी!" आणि मी म्हणायचे "थांब, सोटा!" निम्म्या वेळा आम्ही दोघं समोरच्या मोटारीच्या टपावरून उडून कुरणात पडलेले असायचो आणि मग तो माणूस आपली धावत बाइककडे यायचा. ते धावणं आठवूनच हसू येतंय.

भाऊ आता दुबईला. फोन केला की अजून विचारतो, सोटा घेतलास का.

---

लाल_डबा | १५ जून, ७:०२

आमच्या क्लासातल्या रोड रॅशला गाणीच नव्हती. कुणीतरी कापून छोटा केलेला होता, फ्लॉपीतून आणल्यासारखा. मूळ गेममध्ये नामांकित रॉक बॅण्डांची गाणी आहेत हे मला कळलं वयाच्या तिसाव्या वर्षी. तोवर मला वाटायचं, कॅलिफोर्नियात फक्त बाइकचा घुर्रर्र आवाज येतो.

---

गजाली_गणू | १५ जून, ७:३०

त्यातलो पॅसिफिक कोस्ट हायवे बघून मी आवशीक म्हणालंय, बघ गे, समुद्राच्या कडेन असो रस्तो आपल्याकडे पण होतलो. आवस म्हणाली, होतलो, तुझ्या नातवाच्या लग्नाक.

---

अण्णा_वेंगुर्ला | १६ जून, सकाळी ६:१०

मी व्हिडिओ गेम खेळत नाही, नातू खेळतो. पण धागा वाचला आणि बैलगाडीच्या शर्यती आठवल्या, म्हणून लिहितो. विषयाला सोडून वाटलं तर संपादकांनी उडवावं.

नोकरीची एकोणीस वर्षं अलिबागला काढली. तिथे किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट झाली की शर्यती लागत. पाणी किती उतरलंय त्यावर वेळ ठरे, घड्याळावर नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, ज्याचे बैल वेगवान तो जिंकला. तसं नसतं. गाडीवान बैलांइतकाच लागतो. ओल्या वाळूचा घट्ट पट्टा पाण्याच्या बाजूला, कोरडी भुसभुशीत वाळू वरच्या बाजूला. ज्याने घट्ट पट्टा आधी धरला तो दुसऱ्याला वर दाबत न्यायचा. अंगाला हात लावायचा नाही, गाडी घासायची नाही, पण त्या बिचाऱ्याचे बैल भुसभुशीत वाळूत गेले की दम संपला. ही मारामारीच झाली की. फक्त हत्यार म्हणजे वाळू.

तेव्हा शर्यतीत दुसऱ्याला अडवणं हे नवं नाही, आणि लबाडी तर मुळीच नाही.

---

परशुराम_घाट | १६ जून, ८:४५

अण्णा, नमस्कार. तुम्ही माझाच मुद्दा सांगितलात. घट्ट पट्टा धरायला शेजारी यावं लागतं!

---

अण्णा_वेंगुर्ला | १६ जून, ९:००

मी दोघांचाही सांगितला. वाचा परत.

---

तिवरे | १६ जून, १०:१२

अवांतर: या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती ना? सध्या चालू आहेत का?

---

अण्णा_वेंगुर्ला | १६ जून, १०:४०

होय. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आता चालू आहेत. बैलांचे हाल होऊ नयेत हे मला मान्य. पराणी मारणारे आमच्या वेळीही होते आणि त्यांचे बैल फार जिंकत असं मला आठवत नाही.

---

निवांत_गुहागर | १७ जून, रात्री १२:३०

बैल बाजूला ठेवून जरा आकडे मांडतो. पेशाने इंजिनियर, घरून काम, पावसामुळे सध्या काम नाही.

समजा गाडी ताशी ६०० किमीने चाललीय. या गेममधल्या वरच्या वर्गांत अशाच भाषेत बोलावं लागतं. म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ मीटर. पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर दोन चित्रांमध्ये गाडी २.८ मीटर सरकते. ३० चित्रं असतील तर साडेपाच मीटर. साडेपाच मीटर म्हणजे एका चित्रात भिंत लांब आहे आणि पुढच्या चित्रात तुम्ही भिंतीत आहात. म्हणून या जातीच्या गेममध्ये साठ चित्रं ही चैन नव्हे. २००८ च्या वाइपआउट एचडीने त्यासाठी एक युक्ती केली होती. यंत्रावर ताण आला की चित्राची रुंदी हळूच कमी करून मग ताणून दाखवायची, पण साठाचा ठेका सोडायचा नाही. खेळणाऱ्याला पत्ता लागत नसे.

आता माणूस. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास जातो. तेवढ्यात गाडी चाळीस मीटर पुढे गेलेली असते. रेल्वेचे जवळजवळ दोन डबे! म्हणजे बघून वळलात तर उशीर झालेला असतो. वळण पाठ पाहिजे. माडभाऊंना व्हिनेटा के पाठ झालाय, ते याच कारणाने अडीच फेऱ्या पुढे राहतात.

आणि ऑनलाइनचं तर विचारूच नका. आमच्याकडे पाऊस लागला की नेटचा निरोप जाऊन यायला दीडशे मिलिसेकंद, वारा सुटला की दुप्पट. दीडशेचा अर्थ: पडद्यावर मला जो पुढचा दिसतो तो खरं तर पंचवीस मीटर दुसरीकडेच आहे. मी रॉकेट मारतो ते त्याच्या भुताला. कंपनीला फोन केला तर म्हणाले, राउटर बंद करून चालू करा. केला. त्यांच्या केबलवर माड पडला होता.

---

गजाली_गणू | १७ जून, ७:१५

देवगडचो माड?

---

देवगडचा_माड | १७ जून, ७:२२

मी नाही. मी फ्लॅशमध्ये पडलोय.

---

समई | १७ जून, दुपारी ३:००

जरा गंभीर प्रश्न. माझ्या मुलीला लहानपणी दोनदा फिट आली होती. आता तेरा वर्षांची आहे, औषध बंद होऊन तीन वर्षं झाली. मावशीकडे हा गेम पाहून हट्ट धरून बसलीय. इतके दिवे चमकतात, चालेल का?

---

खाडीकाठ | १७ जून, ३:२५

ताई, इथल्या कुणाच्याही शब्दावर जाऊ नका, तिच्या डॉक्टरांना विचारा. एवढं खात्रीने सांगतो की हा धोका बनवणाऱ्यांनीही धरला होता. एचडी बाजारात यायला उशीर झाला तो याच कारणाने. लखलखाटाच्या चाचणीत गेम नापास झाला, मग चित्रं सौम्य करून पुन्हा दिला. पण चाचणी पास म्हणजे प्रत्येकाला सुरक्षित असं होत नाही.

---

समई | १७ जून, ३:४०

धन्यवाद. डॉक्टरांचं "नाही" येईपर्यंत मीच नाही म्हणते. शिव्या खाईन.

---

कर्तव्यदक्ष | १७ जून, ५:५५

असल्या गेममुळेच पोरं हायवेवर बुलेट उडवतात. भातलावणीच्या दिवसांत मोठी माणसं पडद्यापुढे बसलेली पाहून वाईट वाटलं.

---

सुरंगी | १७ जून, ६:०३

मी आजवर एकाही दुचाकीस्वाराच्या हातून सोटा काढून घेतलेला नाही.

---

लाल_डबा | १७ जून, ६:०४

अजून.

---

तिवरे | १८ जून, रात्री १०:२०

माझ्याकडे पीएस नाही, मध्यम लॅपटॉप आहे. या प्रकारातलं काय चालेल? वाचून हात शिवशिवायला लागले.

---

परशुराम_घाट | १८ जून, ११:००

तीन सांगतो.

बॅलिस्टिकएनजी, २०१८. जुन्या प्लेस्टेशनच्या वाइपआउटची भक्ती करणाऱ्यांनी केलेला, मुद्दाम जुन्या वळणाची खडबडीत चित्रं. म्हणून हलक्या मशीनवरही पळतो. लोकांनी केलेले ट्रॅक आणि गाड्या भरपूर.

रेडआउट, २०१६, इटलीतल्या तुरीनचा. यात हत्यार रस्त्यावर उचलायचं नसतं. शर्यतीआधीच ठरवायचं की मी हे घेऊन उतरणार. म्हणजे नशिबाचा भाग गेला, जे माझ्यासारख्याला पटतं. पण डाव्या काडीने वळायचं आणि उजव्या काडीने गाडी आडवी सरकवायची, हे अंगवळणी पडायला आठवडा घ्या. लॅपटॉपची मात्र परीक्षा बघेल.

तिसरा ग्रिप, २०१८. या तरंगत्या नाहीत, चाकांच्याच गाड्या, पण चाकं इतकी मोठी की गाडी उलटी झाली तरी तशीच पळते. भिंतीवरून, छतावरून. हत्यारं भरमसाट. मला दोन तासांत डोकं धरायला लागलं. १९९९ च्या रोलकेजचा हा वारस, तो ज्यांनी खेळलाय त्यांना आवडतो.

---

खाडीकाठ | १८ जून, ११:२०

रोलकेजमध्ये मला कधीच कळलं नाही की मी सरळ आहे की उलटा. त्या काळी तसंही कळत नव्हतं.

माडभाऊ, एक राहिलं. मेनूत झोन नावाचा प्रकार आहे, तो खेळून बघा. एकटी गाडी, हत्यार नाही, प्रतिस्पर्धी नाही, वेग तुमच्या हातात नाही. तो आपोआप वाढतच जातो आणि तुम्ही फक्त टिकायचं. शुद्ध शर्यत हवी होती ना? आठवडाभर तेवढंच खेळा आणि मग या, हत्यारं हवीत की नकोत ते सांगायला. आणि पत्र्याचं म्हणाल तर हेडफोन लावा की!

---

देवगडचा_माड | १५ सप्टेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. माफ करा, मध्ये लावणी, मग गणपती.

खाडीकाठ, झोन खेळलो, आठवडा नव्हे, जवळजवळ महिना. पहिले चार दिवस स्वर्ग. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बसायचो, रस्ता रंग बदलत जायचा, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. ब्रेकची दोन बटणं असतात, एक डाव्या बाजूला हवा अडवतं, एक उजव्या, हे मला तिथे उमगलं. आधी मी वळणावर काडी पिळत होतो. आता आधी बाजूचा ब्रेक चाटवायचा आणि मग काडी. हात आपोआप करतो.

पण पाचव्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. मी कुणालाच हरवत नव्हतो. भिंती घासत ऊर्जा संपली की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून. परत शर्यतीत गेलो तेव्हा मागून मिसाइलची हाक आली (हेडफोनमुळे ऐकू आली, बाईचा आवाज चांगला आहे) आणि मी चक्क खूश झालो. कुणीतरी आहे मागे!

आता गणपतीची गोष्ट. भाचा आला, त्याची दहा वर्षांची बहीणही आली. आरत्या, जेवणं उरकली की आम्ही पडदा दोन भागांत करून खेळायचो, एका वेळी दोघेच, आळीपाळीने. भाचा आणि मी बरोबरीचे, मला त्याचा अभिमान वाटतो. बारकीला मात्र वळताच येत नाही. सतत शेवटून पहिली. तिसऱ्या रात्री तिने एक शोध लावला. पुढे जायचा नादच सोडला. हत्यार आलं आणि ते सुरुंग नसेल तर पिऊन टाकायचं. सुरुंग आले की सावकाश जायचं आणि शेवटच्या रेषेआधी जिथे रस्ता चिंचोळा होतो तिथे पेरायचे. स्वतः जिंकणार नाही हे तिला माहीत. कोण जिंकणार हे ती ठरवायची.

मी तिच्या अर्ध्या पडद्यात डोकावून सुरुंग कुठे आहेत ते बघून ठेवत होतो. दोन वेळा वाचलो. तिसऱ्यांदा तिने आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा आणला आणि टीव्हीच्या मधोमध चिकटपट्टीने उभा लावला. "मामा, लबाडी नाही."

मग काय, आंधळा. शेवटची फेरी, मी पहिला, हातात ढाल. आठवलं, खाडीकाठ म्हणाले होते राखून ठेव. राखली. शेवटचं वळण आलं, रस्ता चिंचोळा झाला, ढाल लावली, एकही सुरुंग नाही! रेषा ओलांडली, जिंकलो, ओरडलो, घरातले जागे झाले. मग भाच्याची पाळी. तो त्याच चिंचोळ्या जागी फुटला. तिने माझ्या वेळी सुरुंग टाकलेच नव्हते, त्याच्या वेळी पेरले. तेही एक फेरी मागे राहून.

मी विचारलं, मला का सोडलंस? म्हणाली, "दादाने मोदक जास्त घेतले."

परशुराम_घाट, तुमचा मुद्दा मला अजून पटतो. लांबून मारणाऱ्याला धोका नसतो. पण त्या पोरीला वळता येत नसताना पाच रात्री ती आमच्यात बसली, ती त्या सुरुंगांमुळे. नुसती शर्यत असती तर दुसऱ्या दिवशी पत्ते काढले असते.

फ्लॅश पार झाला. रेपियरमध्ये आठपैकी सातवा येतोय. सेबेंको क्लाइंब हा ट्रॅक कसा चढायचा कुणी सांगेल का?

---

परशुराम_घाट | १५ सप्टेंबर, १०:०५

बारकीला एफ-झीरो देऊ नका. तिथे तिला शेजारी जाऊन मारता येईल, मग काही खरं नाही.

सेबेंकोला चढावर ब्रेक लावू नका, उडीच्या आधी नाक किंचित वर धरा, बाकी खाडीकाठ सांगतील. तो ट्रॅक मला आवडतो हे इथे कबूल करतो, पुन्हा विचारू नका.

---

गजाली_गणू | १५ सप्टेंबर, १०:२०

मोदकाच्या हिशेबान सुरुंग! ह्या चेडवाक ग्रामपंचायतीत उभ्या करूया.

---

लाल_डबा | १५ सप्टेंबर, १०:३१

पुठ्ठ्यावर "अस्सल देवगड हापूस" छापलेलं होतं का?

---

देवगडचा_माड | १५ सप्टेंबर, १०:४०

होतं. पेटी शेजाऱ्याची. आमच्या सगळ्या विकल्या गेल्या.